मोठे टायर, फेटाळलेला क्लेम आणि हातात उरलेले दोन महिने

ऑफ-रोडिंगच्या पिकअपला 245/70 आर 16 च्या जागी 285/75 आर 16 टायर घातले, सिग्नलला उभ्या गाडीवर मागून टेम्पो आदळला, आणि विमा कंपनीने ‘गाडीत अनधिकृत बदल’ असं कारण देऊन क्लेम फेटाळला. तुमच्या पत्रातलं माझ्या कामाचं एवढंच, बाकी दीड पान टायर कसे भारी आहेत आणि गाडी चिखलातून कशी निघते यावरच आहे. असली पत्रं बरीच येतात, कुणाचं गाडी उंच करणारं लिफ्ट किट, कुणाचा बंपर, कुणाचे हेडलाइट, कंपनीचं उत्तर सगळ्यांना तेच.

टायर नियमात बसतात की नाही यावर आत्ता डोकं खपवू नका. फेटाळल्याचं पत्र तुम्हाला मिळून 22 महिने झालेत आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रार 2 वर्षांत करावी लागते, म्हणजे तुमच्याकडे जेमतेम 2 महिने आहेत आणि या 22 महिन्यांत तुम्ही केलं काय तर मेल पाठवले! तीन महिन्यांपूर्वी कंपनीने ‘आमचा आधीचा निर्णय कायम आहे’ असं कळवलं, तेव्हापासून मुदत नव्याने मोजतात असं कुणीतरी तुम्हाला सांगितलंय, त्याला परत काही विचारू नका. कंपनीशी पत्रव्यवहार चालू ठेवला म्हणून मुदत वाढत नाही. कांडिमल्ला राघवय्या खटल्यात आग 1988 सालची होती, तक्रार उशिरा आली, आणि नंतरच्या नोटिशीला कंपनीने नकाराचं उत्तर दिलं म्हणून मुदत परत सुरू होत नाही असं सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये सांगितलं. उशीर माफ करायची सोय कलम 69 मध्ये आहे, सबळ कारण लागतं, पण ‘साहेब, मेलच्या उत्तराची वाट बघत होतो’ हे कारण घेऊन मी तरी ग्राहक आयोगापुढे उभा राहणार नाही.

विमा लोकपालाचा, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचा रस्ता कदाचित अजून उघडा असेल, त्याची 1 वर्षाची मुदत कुठल्या नकारापासून धरायची यावर वाद घालता येतो. पण आत्ता तिकडे वळू नका, तिथे महिने गेले आणि इकडची तारीख उलटली तर काय करणार? आणि आयोगात केस चालू असताना त्याच विषयावर लोकपाल तक्रार घेत नाही. त्यामुळे थेट जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता तिथल्याच आयोगात करता येते, ऑनलाइनही होते, आणि फीचा हिशोब भरलेल्या प्रीमियमवर होतो, क्लेमच्या रकमेवर नाही, प्रीमियम 5 लाखांच्या आत म्हणजे फी शून्य.

आता केसमध्ये दम किती ते बघू. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 तुमच्या बाजूने नाही. निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलंय, शिवाय कलम 182ए खाली मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं (चार टायर म्हणजे एक बदल की चार, यावर भांडणारा कुणीतरी निघेलच). गाडी मालवाहू म्हणून नोंदलीय की खासगी हे तुम्ही लिहिलंच नाही, आणि त्याने फरक पडतो. मालवाहू असेल तर कलम 58 प्रमाणे टायरची साइज आरसीवरच लिहिलेली असते आणि कंपनीचं काम सोपं होतं. खासगी असेल तर थोडी जागा मिळते, किती ते पॉलिसी बघितल्याशिवाय सांगणार नाही.

पण नियम मोडला म्हणून क्लेम आपोआप बुडत नाही. लखमीचंद खटल्यात, 2016 मध्ये, जादा माणसं बसवलेल्या गाडीचा क्लेम सुप्रीम कोर्टाने मान्य केला, कारण अपघात त्या जादा माणसांमुळे झालाच नव्हता. तुमचे टायर मूळ टायरपेक्षा साधारण 11 टक्के मोठे, म्हणजे मीटर 80 दाखवतो तेव्हा गाडी जवळपास 89 ने पळते, आणि तुम्ही पुढच्याला ठोकलं असतं तर मी तुम्हाला फार आशा दाखवली नसती. पण उभ्या गाडीचा मीटर कुठल्याही टायरवर शून्यच दाखवतो. कंपनी बहुतेक म्हणेल की गाडी सव्वाचार सेंटिमीटर उंच झाली, टेम्पो बंपरखाली घुसला, म्हणून नुकसान वाढलं. नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरच्या अहवालात असं काही आहे का ते बघा, अहवालाची प्रत नसेल तर आजच लेखी मागा. टायरसोबत लिफ्ट किटही घातलं असेल तर वकिलापासून लपवू नका.

मागणी पूर्ण रकमेची करा आणि पर्यायी म्हणून 75 टक्क्यांची, अटीचा भंग असूनही तेवढी रक्कम देता येते हे अमलेंदु साहू खटल्यात 2010 मध्ये ठरलंय. सोबत पोलीस पंचनामा, गाडीच्या मागच्या बाजूचे फोटो, आणि फेटाळल्याचं पत्र कधी मिळालं त्याचा पुरावा. नोटीस मिळाल्यावर कंपनीला उत्तराला 30 दिवस, फार तर 15 जास्त, पुढे एक दिवसही नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 2020 मध्ये सांगितलंय, तेव्हा 46 व्या दिवशी वकिलाला जागं करा. निकाल कागदावर 3 महिन्यांत लागतो. खरंच किती लागेल ते विचारू नका, माझा बीपी वाढतो.

आणि टायर अजून तेच असतील तर आधी साइज दिसेल असे फोटो काढा, मग मूळ साइजचे बसवून बिल फाइलला लावा. केस चालू असताना याच टायरवर दुसरा अपघात झाला आणि त्यात चूक तुमची निघाली, तर वरचा उभ्या गाडीचा मुद्दा तिथे काही कामाचा नाही.