शास्त्रीय संगीतातले नवोदित कलाकार कुठे ऐकावेत आणि त्यांच्यात दम आहे हे ओळखावं कसं?

भीमसेनजी आणि किशोरीताईंच्या ध्वनिमुद्रणांवर कान तयार झालाय, आता नवीन कोणाला ऐकू, असं तुम्ही विचारलंय. नावं सांगतेच, पण आधी माझी सवय सांगते.

पुण्यात 1953 पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला मी दुपारीच जाऊन बसते. नवोदितांना बहुतेक वेळा तेव्हाच गायला मिळतं. मंडप अर्धा रिकामा, लोक रुमाल टाकून जागा धरतायत, मागून बटाटेवड्याचा वास, आणि मंचावर पंचविशीतलं कोणीतरी तानपुरे जुळवतंय. हाताशी जेमतेम पाऊण-एक तास. रागही वेळेने बांधलेले: भीमपलास, मधुवंती, मुलतानी.

मुलतानी लागला की कान टवकारा. स्वर तोडी रागाचेच, म्हणजे रे, ग, ध कोमल आणि म तीव्र. पण चढताना रे-ध वगळायचे, उतरताना त्यांना नुसतं शिवून पुढे जायचं. रिषभावर, म्हणजे रे वर, जरा रेंगाळलं की तोडी डोकावलीच! तानांच्या, म्हणजे जलद स्वरांच्या लडींच्या, घाईत असलेल्याचं बिंग इथेच फुटतं. एकदा एका मुलीने बड्या ख्यालाची, म्हणजे संथ लयीतल्या मुख्य बंदिशीची, पहिली काही आवर्तनं मंद्र (खालच्या सप्तकातला) निषाद आणि षड्जाभोवतीच काढली. पंचमावर ती अशी काही येऊन थांबली की शेजारचे काका थर्मासचं झाकण लावायचेच विसरले. दमदार तान काय, पुष्कळांकडे असते, असं थांबणं नसतं.

आता नावं. किराणा घराण्याच्या गायकीत अर्शद अली खाँ आणि भीमसेनजींचा नातू विराज जोशी. सरोदवर अभिषेक बोरकर, बासरीवर एस. आकाश. तन्मय देवचक्केंची संवादिनी (हार्मोनियम) साथीला ऐकलीच असेल, एकल वादनही जरूर ऐका. याखेरीज संगीत नाटक अकादमी 2006 पासून चाळिशीच्या आतल्यांना उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार देते. त्या याद्या चाळा, बरीच नावं सापडतील. (पुरस्कार मिळाला म्हणजे तुम्हाला गाणं आवडेलच असं नाही, ते सोडा.)

एक अडचण मात्र आहे. बहुतेक दिवशी रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद, त्यात रात्रीची वेळ मोठ्या नावांची. मग या मुलांचा मालकंस किंवा दरबारीसारखा रात्रीचा राग ऐकायचा कधी? त्यासाठी कोणाच्या दिवाणखान्यातली, तीस-चाळीस माणसांची बैठक गाठा. तिथे माइक नसतो, आणि फर्माईशही करता येते.