गाठी बसतात, मग पेशी जातात कुठे?

प्रश्न: ताप गेल्यावर मानेतल्या सुजलेल्या गाठी आपोआप बसतात. तिथे वाढलेल्या पेशींचं काय होतं?

उत्तर: बहुतेक मरतात, तेही ठरल्या क्रमाने. विषाणू संपला की इंटरल्यूकिन-२ सारखे जगवणारे संकेत आटतात आणि पुष्कळ टी-पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) त्यानेच संपतात. वारंवार चेतवलेल्या टी-पेशींसाठी दुसरी वाट असते. एका पेशीवरचं 'फास लिगँड' हे प्रथिन शेजारच्या पेशीवरच्या 'फास' या मरणाचा संकेत घेणाऱ्या प्रथिनाला चिकटतं. आत फॅड हे प्रथिन कॅस्पेज-८ या प्रथिनं कापणाऱ्या विकराला जवळ आणून जागं करतं, ते कॅस्पेज-३ ला, आणि पेशी आतून कापली जाते. पेशी फुटत नाही, तुकडे भक्षकपेशी गिळतात, म्हणून सूज भडकत नाही. मला ही सफाईच सर्वांत विलक्षण वाटते. फासच्या जनुकात जन्मजात दोष असला तर मुलांच्या गाठी नि प्लीहा महिनोन्‌महिने मोठ्या राहतात, शरीर स्वतःच्याच रक्तपेशींवर उलटू शकतं. मुलाची गाठ महिनाभरात उतरली नाही, तर डॉक्टरांना दाखवाच.