वाचकांचे प्रश्न : हिऱ्याची मोड किती येते?

प्रश्न : मुलीच्या लग्नासाठी जळगावच्या सराफ बाजारात अर्ध्या कॅरेटची हिऱ्याची अंगठी पाहिली. सोन्यासारखी हीसुद्धा अडीनडीला कामी येईल, असं दुकानदार सांगतो. घ्यावी का? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : हौस म्हणून जरूर घ्या, अडीनडीसाठी नको. सोन्याचा भाव रोज जाहीर होतो. मोडताना वजन आणि शुद्धता पाहिली की हिशेब मिटतो. हिऱ्याला असा एक भाव नाही. वजन, रंग, स्वच्छता आणि पैलूंची घडण पाहून प्रत्येक खड्याची किंमत वेगळी ठरते, आणि विकायला गेल्यावर ती समोरचाच ठरवतो. शंभर सेंट म्हणजे एक कॅरेट; दहा-दहा सेंटचे दहा खडे वजनाने एक कॅरेट भरतात, पण त्याच प्रतीच्या एका अखंड कॅरेटच्या खड्याची किंमत त्यांना येत नाही.

समजा, अंगठीचं एकूण वजन ४.२०० ग्रॅम आहे. ५० सेंटचा खडा म्हणजे ०.१०० ग्रॅम. उरलं ४.१०० ग्रॅम सोनं. हिऱ्याचे दागिने बहुधा १८ कॅरेटमध्ये घडवतात (सोन्याचा कॅरेट म्हणजे वजन नव्हे, शुद्धता), हॉलमार्क ७५०, म्हणजे हजारात ७५० भाग शुद्ध. तेव्हा शुद्ध सोनं ३.०७५ ग्रॅम. भरवसा ठेवावा तो एवढ्यावरच. घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी परत येत नाही. पेरणीच्या तोंडावर दागिना तारण ठेवायला गेलात तरी बँक खड्याचं वजन वजा करूनच कर्ज देते.

म्हणून ‘अंगठी इतक्या रुपयांना’ असं एकरकमी बिल घेऊ नका. सोन्याचं निव्वळ वजन, खड्याचं वजन आणि दोन्हींची किंमत वेगवेगळी लिहून घ्या. परत घेण्याची अटही बिलावरच हवी : रोखीत किती टक्के, बदलीत किती, आणि ते टक्के खरेदीच्या किमतीवर की त्या दिवसाच्या. आणखी एक, हॉलमार्कचा सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, फक्त सोन्याबद्दल बोलतो, खड्याबद्दल काहीच सांगत नाही. इथे फसगत होऊ शकते.

प्रश्न : खडा खाणीतला की लॅबमधला, हे दुकानातल्या टेस्टरवर कळतं का? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : नाही. लॅबमधला हिराही कार्बनचाच, त्यामुळे टेस्टर त्यालाही हिराच म्हणतो. साध्या टेस्टरवर तर मॉयसनाइटही (हिऱ्यासारखा दिसणारा दुसराच खडा) कधी कधी पास होतं. जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांचा रिपोर्ट मागा, त्याचा नंबर संस्थेच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. बऱ्याच खड्यांच्या कडेवर तोच नंबर लेसरने कोरलेला असतो; दहापट भिंगातून जुळवून पाहा. लॅबच्या खड्यांचे भाव गेल्या काही वर्षांत खूप कोसळले आहेत, तेव्हा त्यांची मोड धरूच नका.

प्रश्न : ‘किंबर्ली सर्टिफिकेट’ असलं की हिऱ्यामागे कुणाचं शोषण नाही, असं समजायचं का? भाचा सुरतेत घंटीवर (हिऱ्याला पैलू पाडायच्या चाकावर) सात वर्षं बसला, आता काम बंद झालंय. – एक वाचक, नंदुरबार

उत्तर : असं समजू नका. २००३ पासून लागू असलेली ही आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची व्यवस्था फक्त कच्च्या, म्हणजे पैलू न पाडलेल्या हिऱ्यांना लागू आहे, आणि बंडखोर ज्यांच्या पैशावर सरकारविरुद्ध लढतात तेवढेच हिरे ती रोखते. सरकारी सैन्याचा अत्याचार, खाणीतली मुलं, तुटपुंजी मजुरी त्यात येत नाही. झिंबाब्वेतल्या मारांगे इथल्या हिऱ्यांच्या खाणींत २००८ साली सैन्याने खाणकामगारांवर गोळ्या झाडल्या, तरी २०११ मध्ये तिथल्या हिऱ्यांना निर्यातीची मुभा मिळाली. सुरतेत पैलू पाडणाऱ्याच्या नगावरच्या मजुरीचा तर त्या कागदाशी संबंधच नाही. मंदी आली की पहिला रिकामा होतो तो हाच माणूस, आणि हिऱ्याच्या किमतीत ही झळ कुठेच धरलेली नसते.

भाच्याचा हक्क मात्र बुडालेला नाही. कारखान्यात दहा किंवा जास्त कामगार असतील आणि सलग पाच वर्षं भरली असतील, तर नगावर काम करणाऱ्यालाही ग्रॅच्युइटी, म्हणजे काम सुटताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, मिळते : प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांची मजुरी. शेवटच्या तीन महिन्यांच्या मजुरीवरून रोजची सरासरी काढायची, ओव्हरटाइम सोडून. ती ६०० रुपये आली, तर ६०० × १५ × ७ = ६३,००० रुपये. अर्ज काम सुटल्यापासून ३० दिवसांत मालकाकडे द्या आणि पोच घ्या. उशीर झाला असला तरी कारण लिहून द्याच. वीस किंवा जास्त कामगार असतील तर पीएफही लागू होतो. सरकारच्या उमंग ॲपवर यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) टाकून रक्कम भरली गेली का ते पाहा. नेमणुकीचा कागद नसेल तर हजेरीची चिठ्ठी, कारखान्याचं ओळखपत्र, मजुरी जमा झाल्याच्या बँकेतल्या नोंदी, सोबतच्या कारागिरांची नावं, जे असेल ते गोळा करा. मालकाने दाद दिली नाही तर तेच घेऊन सुरतेच्या कामगार कार्यालयात लेखी तक्रार द्या.