चाइल्ड प्रोसेसचे प्रोफाइलिंग: मोजणी काम चालते तिथेच सुरू व्हायला हवी

म्हापशाच्या वाचनालयातील जुन्या मराठी अंकांची स्कॅन केलेली पाने टेसरॅक्टने (चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रामने) वाचून घेण्यासाठी तुम्ही पायथनमध्ये साधन लिहिले आहे, आणि सी-प्रोफाइल (कोणत्या फंक्शनमध्ये किती वेळ गेला ते मोजणारा पायथनचा प्रोफाइलर) लावल्यावर जवळजवळ सगळा वेळ ‘वाट पाहण्यात’ गेलेला दिसतो, असे तुम्ही म्हणता. तो अहवाल खोटा नाही. तो केवळ पॅरेंट प्रोसेसचा, म्हणजे तुमच्या मुख्य चालू प्रोग्रामचा आहे. सी-प्रोफाइल ज्या प्रोसेसमध्ये सुरू होतो तिथल्याच फंक्शनांचा हिशेब ठेवतो, आणि तुमची पाने तर पूलच्या ८ चाइल्ड प्रोसेस, म्हणजे काम वाटून देण्यासाठी पॅरेंटने सुरू केलेल्या वेगळ्या प्रोसेस, वाचतात.

म्हणून प्रोफाइलर प्रत्येक चाइल्डमध्ये एकदाच तयार करा, पान हाती घेताना तो सुरू करा, पान संपताच थांबवा आणि लगेच फाइल लिहा. आकडे त्याच ऑब्जेक्टमध्ये साठत जात असल्यामुळे तीच फाइल पुन्हा लिहिली तरी आधीची मोजणी जात नाही. फाइलच्या नावात प्रोसेस क्रमांक मात्र हवाच. फोंड्यात अशाच एका कामात मी तो घातला नव्हता. सगळ्या चाइल्ड एकमेकींची फाइल पुसत होत्या आणि उरलेल्या एकीच्या आकड्यांवरून मी आठवडाभर भलतेच फंक्शन सुधारत बसलो.

लिहिणे शेवटावर ढकलू नका, कारण ‘विथ’ने उघडलेला पूल बाहेर पडताना टर्मिनेट होतो, म्हणजे जबरदस्तीने बंद केला जातो, आणि चाइल्डला आवराआवर करायला अवधीच मिळत नाही. प्रोफाइलर पॅरेंटमध्ये सुरू करून तो फोर्कमधून (पॅरेंटची हुबेहूब प्रत काढून चाइल्ड बनवण्यातून) चाइल्डमध्ये आपोआप उतरेल, यावरही विसंबू नका: पायथन ३.१४पासून लिनक्सवर चाइल्ड सुरू करण्याची मूळ पद्धत फोर्कसर्व्हर आहे, आणि मॅकवर ३.८पासूनच स्पॉन आहे; या दोन्हींत चाइल्ड ही पॅरेंटची प्रत नसते. सगळ्या फाइली पी-स्टॅट्स या पायथनच्या मॉड्यूलच्या ‘अ‍ॅड’ने एकत्र करता येतात.

एवढे करूनही कदाचित ‘वाट पाहणे’च वर दिसेल, कारण टेसरॅक्ट तुम्ही सबप्रोसेसने चालवता, तो सी++मधला वेगळा प्रोग्राम आहे आणि सी-प्रोफाइलला त्याच्या आतले काहीच दिसत नाही. त्यासाठी संपूर्ण साधनच लिनक्सच्या ‘पर्फ रेकॉर्ड’ या मोजणीच्या साधनाखाली चालवा, त्यातून जन्मणाऱ्या प्रोसेसही तो मोजतो.

माझा खरा संशय मात्र दुसरीकडे आहे. टेसरॅक्ट ४पासून एकेक पान वाचतानाही ओपनएमपी या समांतर कामाच्या व्यवस्थेचे अनेक थ्रेड (एकाच प्रोसेसमधले एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) वापरू शकतो, त्यामुळे ८ प्रोसेस एकाच वेळी चालल्या की ते सगळे थ्रेड प्रोसेसरच्या त्याच कोअरवर एकमेकांना अडवतात. ‘ओएमपी_थ्रेड_लिमिट’ हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून दिलेली सेटिंग) एकदा न लावता आणि एकदा १ करून तीच ५० पाने चालवा आणि दोन्ही वेळा एकूण किती वेळ लागला ते कळवा.