बटण लावायला कॉमिकमधून शिकवू का?

प्रश्न : मी धायरीतल्या एका शाळेत चौथीला शिकवते. कार्यानुभवाच्या तासाला बटण लावणं, मेथी पेरणं वगैरे घेते, पण माझं सांगून होईतो निम्मी पोरं खिडकीबाहेर बघत असतात. कॉमिक करून द्यावं असं मनात आहे. सहकारी म्हणतात, पोरं गोष्ट वाचतील आणि सुई बाजूलाच राहील. त्यात मला चित्रं येत नाहीत. काय करू?

उत्तर : ताई, बिनधास्त करा! हाताने करायच्या कामाला कॉमिक छान लागू पडतं. अमेरिकी सैन्याने तर १९५१ मध्ये जवानांना गाड्या नि सामानाची देखभाल शिकवायला चित्रकथांचं मासिकच सुरू केलं आणि विल आइस्नरसारख्या नावाजलेल्या चित्रकाराने त्यासाठी वीसेक वर्षं काम केलं. व्हिडिओ पुढे पळतो, पोरगं अजून दोरा ओवतंय, चौकट मात्र समोर तशीच थांबते.

सहकाऱ्यांची शंका खोटी नाही, गोष्ट लांबली की पोरं तिच्यातच रमतात, म्हणून एक पान, सहा चौकटी आणि एकच काम. बटणाचंच घ्या. दोऱ्याला गाठ मारायची राहते आणि दोरा सर्रकन निघून येतो, तर तिसऱ्या चौकटीत गोष्टीतल्या पोराचंच बटण टपकन पडू दे. चौथ्या चौकटीत कापडाची उलटी बाजू मोठ्ठी काढा, गाठ ठळक, कारण तुम्ही वर्गात करून दाखवता तेव्हा नेमकी तीच बाजू मुलांना दिसत नाही. पाचवीत बटणावर काडेपेटीची काडी आडवी, टाके तिच्यावरून घालायचे, मग काडी काढून बटण वर ओढायचं आणि खाली दोऱ्याचे दोन-तीन वेढे द्यायचे, म्हणजे काज नीट बसतं. सहावी चौकट कोरी ठेवा, ती स्वतःचं बटण लावून झाल्यावरच भरायची, आपलं काय चुकलं ते काढून.

चित्रांचं टेन्शन नको. स्वतःच्या हातांचे मोबाईलवर फोटो काढा, प्रिंटवर ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवा, झेरॉक्स मारा. माणसं काड्यांची चालतील, सुई आणि बटणाची भोकं मात्र बरोबर हवीत. वाक्यं पोरांच्या तोंडची, "ए, गाठ मारलीस का?" एवढीच.

मेथीचं उलटं करा. कोरं पान द्या, रोज एक चौकट त्यांनीच काढायची, तीन-चार दिवसांत कोंब दिसला की बघा कशी धावत येतात दाखवायला.

आणि हो, सुया मोजून द्या, मोजून परत घ्या.