पाणाड्याचा नारळ आणि पप्पांचा कम्प्युटर

ताई,
मी औसा तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. बारावी सायन्सला ७८ टक्के पडले, सीईटीला ८४ पर्सेंटाइल. आमची चार एकर कोरडवाहू आहे, सोयाबीन घेतो. पप्पांनी पाणाड्याच्या सांगण्यावरून दोन बोअर मारले. त्यानं तळहातावर नारळ आडवा ठेवला, चालता चालता तो उभा राहिला, तिथंच पॉइंट दिला. पहिला ३०० फुटांवर कोरडा, दुसरा ४५० फुटांवर कोरडा. मशीनमधून नुसता फुफाटा निघायचा आणि पप्पा टॉवेल तोंडाला लावून बघत उभे राहायचे. तेव्हापासून वाटतं, खाली काय आहे हे कुणाला तरी माहीत असणारच. आमच्या भूगोलाच्या सरांनी सांगितलं, त्याचा अभ्यास असतो, जिऑलॉजी. मला पुण्याला जाऊन बीएस्सी जिऑलॉजी करायचंय. पप्पा म्हणतात, कम्प्युटर इंजिनिअरिंग घे, मुलींना फी माफ झालीय, मामा हिंजवडीत आहे, तो चिकटवेल. जिऑलॉजीचं नाव काढलं की, 'दगडं फोडायला पुण्याला कशाला जायचं, इथं काय कमी आहेत?' मला कम्प्युटर अजिबात आवडत नाही. जिऑलॉजीला स्कोप आहे का? तिसऱ्या बोअरसाठी पप्पांनी परत त्याच पाणाड्याला बोलावलंय. काय करू?

अगं,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बोअरवर सात-आठ ओळी आहेत आणि कम्प्युटरवर एकच, तीही 'आवडत नाही' एवढीच. कल कुठं आहे ते दिसतंच आहे. पण कल कळला म्हणून प्रश्न सुटत नाही, कारण तू 'स्कोप' विचारलायस, आणि मेस-भाड्याचे पैसे सोयाबीनमधून येणार आहेत.

तर आधी कडू ते सांगते. नुसत्या बीएस्सी जिऑलॉजीवर फारसं काही मिळत नाही. या विषयात खरी सुरुवात एमएस्सीनंतर होते. केंद्र सरकारचा भूवैज्ञानिक व्हायचं तर यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा असते. त्यातून जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात जाता येतं (ही संस्था १८५१ सालची, पप्पांना सांग, कम्प्युटरच्या बऱ्याच आधीची), आणि तुझ्या कामाची गोष्ट म्हणजे केंद्रीय भूजल मंडळात पाण्याचा शास्त्रज्ञ म्हणूनही. त्या परीक्षेला पदव्युत्तर पदवी लागते, वय २१ ते ३२. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आहे. तिथल्या जागा एमपीएससीतून भरतात, पण जाहिरात कधी येईल याचा भरवसा धरून घर चालवता येत नाही. म्हणजे तीन वर्षं बीएस्सी, दोन वर्षं एमएस्सी आणि वर वर्ष-दोन वर्षं परीक्षेची. तुझ्या वर्गातल्या मुली तोवर पगारातून आईला साडी घेत असतील आणि तू अजून पप्पांकडून मेसचे पैसे मागत असशील. हे चित्र आत्ता डोळ्यांसमोर आण. तेवीसाव्या वर्षी ते एकदम समोर आलं की फार टोचतं.

सरकारी परीक्षांपलीकडे काम नाही असं मात्र नाही. विदर्भात कोळसा आणि मँगनीज आहे, वेस्टर्न कोलफील्ड्स, मॉइल आणि इंडियन ब्युरो ऑफ माइन्स ही तिन्ही मुख्यालयं नागपुरात आहेत. मुलींना खाणीत घेत नाहीत असं कुणी सांगितलं तर ते जुनं झालं. २०१९ मध्येच तांत्रिक आणि देखरेखीच्या कामासाठी बायकांना दिवसपाळीत जमिनीखालच्या खाणीतही उतरायची परवानगी मिळाली. मेट्रोचे, रेल्वेचे, घाटरस्त्यांचे बोगदे खोदताना पुढं कसला दगड आहे हे सांगायला भूवैज्ञानिक लागतोच. तेल कंपन्या घेतात, पण निवडून. पाण्यावर काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था आहेत, त्यातली अॅक्वाडॅम तर पुण्यातच आहे आणि भूजल हाच तिचा विषय. खाजगी सल्लागार कंपन्यांत सुरुवातीचा पगार बेताचा आणि हिंडणं भरपूर. तुला हिंडायला आवडत असेल तर ती तक्रार नाही, नाहीतर आहे.

आता पप्पांकडे वळू. त्यांना अडाणी ठरवू नकोस, त्यांनी माहिती काढलेली आहे. जुलै २०२४ मध्ये शासनानं निर्णय काढला. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि मुलगी ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी असेल, तर कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. साधं बीएस्सी त्यात येत नाही. पण अनुदानित कॉलेजात बीएस्सीची फी मुळात इंजिनिअरिंगच्या मानानं किरकोळ असते. राहण्या-जेवण्याचा खर्च दोन्हीकडे तेवढाच, आणि खरा खर्च तोच आहे. म्हणजे फीमाफीनं इंजिनिअरिंग स्वस्त झालं हे खरं, पण जिऑलॉजी त्यामुळे महाग झालं नाही.

'मामा चिकटवेल' हे मात्र मला पटत नाही. मामाला तूच फोन कर, पप्पांसमोर, स्पीकरवर. विचार की मामा, तुमच्या कंपनीत यंदा नवीन पोरं किती घेतली, कुठल्या कॉलेजांतून घेतली, आणि ८४ पर्सेंटाइलवर मिळणारं कॉलेज त्यात आहे का? मामा चांगला माणूस असेल तर खरं सांगेल. मग त्या कॉलेजात जाऊन फक्त कम्प्युटर शाखेची यादी माग, किती पोरं होती आणि किती लागली. गेटवरच्या फ्लेक्सवर सहा हसरे चेहरे असतात. वर्ग साठांचा असतो. उरलेले चोपन्न कुठं गेले, ते विचारायचं.

एक गोष्ट तुझ्या घरात कुणी बोललेलं दिसत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. कोणतं दार नंतर उघडतं आणि कोणतं बंद होतं, हे बघ. कम्प्युटर इंजिनिअर झालीस आणि मग जिऑलॉजी करावंसं वाटलं, तर एमएस्सीच्या दारात बहुतेक ठिकाणी विचारतात की पदवीला जिऑलॉजी होतं का. नव्हतं? मग परत. उलट बीएस्सी जिऑलॉजी झालं आणि वाटलं की हे आपल्याला झेपत नाही, पगार हवा, तर एमसीएची, म्हणजे कम्प्युटरच्या पदव्युत्तर पदवीची, सीईटी देता येते. बारावीला गणित आहे तुझं, तेवढं पुरतं. एमसीए आता दोन वर्षांचं आहे. म्हणजे तीन अधिक दोन, पाच वर्षांत तू त्याच हिंजवडीत, इंजिनिअरपेक्षा एक वर्ष उशिरा. पप्पांना हे एक वर्ष वहीत लिहून दाखव. 'आवडीसाठी सगळं पणाला लावते' असं म्हणणाऱ्या मुलीला बाप घाबरतो. 'फार तर एक वर्ष जाईल' असं म्हणणाऱ्या मुलीशी तो निदान घासाघीस करतो.

आता तुझा कान पकडते. कम्प्युटर आवडत नाही म्हणून जिऑलॉजीकडे पळत असशील तर फसशील. आजचा भूवैज्ञानिक हातोडी घेऊन हिंडतो त्याच्या दुपटीनं स्क्रीनसमोर बसतो. उपग्रहाची चित्रं, जीआयएसचे (म्हणजे माहिती भरून कम्प्युटरवर केलेले) नकाशे, पाणीपातळीच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी, सगळं तिथंच. या विषयात लवकर काम मिळतं ते जीआयएस येणाऱ्यालाच. म्हणून मेजर जिऑलॉजी घेतलंस तर मायनरला गणित, स्टॅटिस्टिक्स किंवा कम्प्युटर यातलं जे कॉलेज देत असेल ते घे.

आणि जिऑलॉजी म्हणजे पाणीही नव्हे, निदान पहिली दोन वर्षं तरी नव्हे. खनिजांची नावं, स्फटिकांचे कोन, जीवाश्मांची लांबलचक लॅटिन नावं, दगडाची कागदासारखी पातळ चकती करून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. पुष्कळ पोरं इथंच कंटाळतात. पाणी येतं नंतर. पण ज्याला आधीचं येतं, त्यालाच ते कळतं. तुझ्याच रानाचं घे. मराठवाडा बसला आहे तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र, कुजून मुरूम झालेला. त्यात पाणी मुरतं. खालचा भाग घट्ट काळा पाषाण, त्यात पाणी फक्त भेगांत. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं लाल मातीचा पट्टा लागतो. म्हणून कठीण दगडात भेग चुकली की ४५० फूट गेलं तरी फुफाटा, आणि शेजारच्याच्या विहिरीला ४० फुटांवर पाणी. खोल जाऊन पाणी लागेल हा हिशेब नदीकाठच्या गाळाच्या प्रदेशातला, आपल्याकडे तो तसा चालत नाही. राज्याचा २००९ चा भूजल कायदाही ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहिरीला 'खोल विहीर' धरतो आणि शेतीसाठी ती घ्यायला आडकाठी करतो. हे तुमच्या पाणाड्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

तुझ्या तालुक्यातली आणखी एक गोष्ट सांगते. किल्लारी औसा तालुक्यातलीच. भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथं खोल बोअर घेतलं, पाण्यासाठी नव्हे, खाली काय आहे ते बघायला. ३३८ मीटरवर लाव्ह्याचा दगड संपला आणि त्याखाली फार फार जुना खडक लागला. 'खाली काय आहे हे कुणाला तरी माहीत असणारच' असं तू लिहिलंस ना? ते तुझ्या घरापासून एसटीच्या तासाभराच्या अंतरावर कुणीतरी बघून ठेवलेलं आहे.

३० सप्टेंबर १९९३ ला तुझे पप्पा किती वर्षांचे होते, विचारलंयस कधी? गणपती बोळवून लोक झोपले होते, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्या वेळच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या दृष्टीनं सगळ्यात सुरक्षित पट्ट्यात होता. नंतर तो पट्टाच नकाशातून काढून टाकावा लागला. ज्यानं हे लहानपणी बघितलं आणि पुढं दोन बोअर कोरडे गेलेले बघितले, त्यानं जमिनीकडे पाठ करून लेकीला हिंजवडीच्या सातव्या मजल्यावर बसवायचं ठरवलं, तर मला नवल वाटत नाही. 'दगडं फोडायला' हा टोमणा आहे, पण त्याच्या खाली भीती असावी. चार पाहुण्यांत हा विषय काढू नकोस. रात्री जेवणं झाल्यावर, आईला शेजारी बसवून, वही घेऊन बस.

त्या वहीत तिसरा पर्यायही लिही, तो तुम्हा दोघांनाही सुचलेला दिसत नाही. कृषी विद्यापीठांत, परभणीला, राहुरीला, बीटेक कृषी अभियांत्रिकी आहे. सीईटीवरच प्रवेश आणि त्यात मृद व जलसंधारण हा मोठा भाग. पप्पांना 'इंजिनिअर' शब्द मिळतो, तुला पाणी मिळतं. जिऑलॉजीइतकं खोल नाही, पण परभणी पुण्यापेक्षा जवळ आहे, आणि चार वर्षांत हातात पदवी.

मला विचारशील तर मी जिऑलॉजीला झुकते, पण एका अटीवर. एमएस्सीपर्यंतच्या पाच वर्षांना पप्पांचा होकार आधी घे. तीन वर्षांनंतर घरात 'आता बास' होणार असेल तर परभणी बरी.

तारखांचंही लक्षात असू दे. पुण्यातल्या कॉलेजांचे बीएस्सीचे प्रवेश बारावीच्या गुणांवर किंवा त्यांच्या स्वतःच्या परीक्षेवर होतात, आणि ते वेळापत्रक कॅपच्या वेळापत्रकाशी जुळेलच असं नाही. कॅपचा अर्ज भरायचाच झाला तर जे नको आहे ते पहिल्या पर्यायावर टाकू नकोस. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की होते, मग पुढच्या फेऱ्यांचा रस्ता नाही. सायबर कॅफेवाल्यावर सोडू नकोस, स्वतः बसून भर.

राहिला बोअर. मशीनवाल्याला आठ दिवस थांबव. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं जिल्हा कार्यालय लातूरला आहे. सातबारा घे, पप्पांना घे आणि दोघं तिथं जा. रानाची जागा दाखवून सर्वेक्षणाचं विचारा. तिथल्या भूवैज्ञानिकाला तू हेही विचार की तो काय शिकला, कुठं शिकला, नोकरी लागायला किती वर्षं गेली. पप्पांना शेजारच्या खुर्चीवर बसू दे, ऐकू दे. माझ्या या सगळ्या कागदापेक्षा त्या अर्ध्या तासाचा उपयोग जास्त होईल.

आणि पाणाड्यानं तोवर नारळ फिरवलाच, तर त्यानं दाखवलेली जागा आणि कार्यालयानं सांगितलेली जागा दोन्ही वहीत मांडून ठेव. मशीन कुठं लागलं आणि किती फुटांवर काय निघालं, ते मला कळव.

तुझी,
ताई