येणाऱ्या एसएमएसचा कॉलबॅक (मेसेज आल्याचं कळवणारी वेब रिक्वेस्ट) कधीकधी दोनदा येतो, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मेसेज आला की तुमची सेवा नोंद करते, ईमेल पाठवते आणि मगच उत्तर देते. अडचण तिथेच आहे. गेटवे (एसएमएस तुमच्या सेवेपर्यंत पोहोचवणारी यंत्रणा) काही सेकंदच थांबतो; तेवढ्यात २०० (‘मिळालं’ असं सांगणारा उत्तराचा कोड) मिळालं नाही, तर बरेच गेटवे तोच मेसेज पुन्हा पाठवतात. आधी मेसेज जसाच्या तसा साठवा, लगेच २०० द्या, ईमेलचं काम मागाहून करा.

तरीही डुप्लिकेट येणारच हे धरून चाला. प्रत्येक मेसेजला गेटवेचा आयडी असतो (ट्विलिओ या एसएमएस सेवेत ‘मेसेजएसआयडी’). डेटाबेसात त्या आयडीच्या कॉलमवर युनिक इंडेक्स (एकच मूल्य दोनदा घालू न देणारा नियम) लावा. ‘आधी शोधा, नसेल तर घाला’ एवढ्यावर विसंबू नका. दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही नोंद सापडत नाही आणि दोन्ही घुसतात. नंबर आणि मजकूर जुळवूनही ठरवू नका, माणसं खरोखरच दोनदा ‘हो’ पाठवतात.

रिक्वेस्टसोबत येणारी सही (ती खरंच गेटवेकडून आली हे दाखवणारा कोड) तपासणं मात्र अजिबात टाळू नका, नाहीतर कॉलबॅकचा पत्ता कळलेला कुणीही खोटे मेसेज घुसवेल. ट्विलिओची सही पूर्ण यूआरएल धरून काढलेली असते. प्रॉक्सीमागे (तुमच्या सर्व्हरआधी रिक्वेस्ट घेणाऱ्या मधल्या सर्व्हरमागे) तुमच्या कोडला अनेकदा ‘एचटीटीपी’ दिसतं, बाहेर ‘एचटीटीपीएस’ असतं, मग सही जुळत नाही. तपासताना बाहेरचाच पत्ता वापरा.